आधी मोजायची खोली: कापूस पट्ट्यातल्या एका क्लस्टरचं प्रकरण

(गाव, माणसं आणि कंपन्या ओळखू येऊ नयेत इतपत तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

नागपूरहून बसनं तीनेक तासांवरचं हे तालुक्याचं गाव. भोवती कापूस, तूर, सोयाबीन. गावात जिनिंग-प्रेसिंगचे, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारे कारखाने (जिन), दोन-तीन दालमिल, एक आयटीआय. गावाबाहेर एक खासगी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, त्याच्या मेकॅनिकल शाखेच्या निम्म्या जागा रिकाम्या राहतात. एमआयडीसीही आहे. तिथले प्लॉट बहुतेक विकले गेलेत, बांधकाम मात्र मोजक्यांवर झालंय.

गावाची खरी औद्योगिक पुंजी एमआयडीसीत नाही, ती जुन्या स्टेशन रोडवर आहे. तिथं पंधरा-वीस वर्कशॉपं लागून लागून आहेत. डबल रोलर जिनचे चाकू, शाफ्ट, बुश, रोलरवर चामड्याच्या चकत्या चढवून तो पुन्हा खाचून देणं, दालमिलचे एमरी रोलर, मळणी यंत्रं, ट्रॉल्या अशी कामं तिथं होतात. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत रात्री दोन वाजताही लेथ चालू असते, कारण जिन सुरू व्हायच्या आत सगळं तयार लागतं. होळी झाली की शटर अर्ध्यावर येतं.

या रस्त्याची एक खासियत बाहेरच्याला पटकन दिसत नाही. एखाद्याकडे मोठा शाफ्ट आला आणि त्याची लेथ लहान पडली, तर तो शेजाऱ्याकडे पाठवतो. वेल्डिंग एकाचं चांगलं, कीवे काढण्यात दुसरा वाकबगार, तिसऱ्याकडे हार्डनिंगची भट्टी. कागद नाही, करार नाही, हिशेब महिन्याला. अर्थतज्ज्ञ अल्फ्रेड मार्शलनं १८९० मध्ये इंग्लंडातल्या अशाच वस्त्यांबद्दल लिहिलं होतं, की एका धंद्याची माणसं एका जागी राहिली की धंद्यातली गुपितं गुपितं उरत नाहीत, हवेतच असतात. क्लस्टर म्हणजे मुळात हेच. सरकारी योजनेचा फलक त्यावर मागून लागतो, लागला तर.

प्रश्न

प्रश्न दोन होते. पहिला, वर्षातले पाचसहा महिने हाताला पुरेसं काम नाही. दुसरा, डिप्लोमा झालेली पोरं पुण्याजवळच्या चाकण-रांजणगावला जातात आणि परत येतात ती लग्नकार्यापुरती. एका वर्कशॉपच्या मालकाची तिसरी पिढी धंद्यात होती. चौथी पुण्यात एका कंपनीत कंत्राटी कामगार. घरची लेथ बंद ठेवून दुसऱ्याची चालवायला जाणं त्यांना बोचायचं.

त्याच काळात नागपूरकडून बातम्या येत होत्या. नागपूर विमानतळाजवळच्या मिहान या उद्योग प्रकल्पासाठी राज्यानं २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी काढली. पुढं तिथं टाटांच्या कारखान्यात बोइंग ७८७ चे फ्लोअर बीम तयार झाले, विमान दुरुस्तीचं केंद्र आलं, २०१७ मध्ये दसॉ आणि रिलायन्सच्या संयुक्त प्रकल्पाची पायाभरणी झाली. शस्त्रसामग्रीच्या खासगी कंपन्या वाढू लागल्या. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि गावाजवळच्या इंटरचेंजभोवती जमिनीचे भाव चढले. चौकातल्या टपरीवर एकच चर्चा: विमानाचे पार्ट आपल्याकडे का बनू नयेत?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. विदर्भाला असलं नवं तंत्र नवं नाही. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, आणि रिंग स्पिंडलसारखं त्या काळातलं अद्ययावत तंत्र इंग्लंडातल्या कित्येक गिरण्या कां-कूं करत असताना तिथं बसवलं. मिल कापसाच्या गावात आली, त्यामागं कापूस, कोळसा आणि रेल्वे हे तिन्ही हिशेब होते.

समोरचे रस्ते

पहिल्या बैठका महाविद्यालयाच्या सेमिनार हॉलमध्ये झाल्या. तीन मतं पुढं आली.

पुढारी मंडळींचं मत सरळ होतं: एक मोठी कंपनी आणा, बाकी आपोआप येईल. हे मत नेहमीच जोरात असतं, आणि विदर्भाकडे त्याचा पडताळा घ्यायला उदाहरणंही आहेत. १९६२ च्या युद्धानंतर त्याच दशकात अंबाझरी, भंडारा आणि भद्रावती इथं आयुध निर्माणी उभ्या राहिल्या. त्यांनी हजारो घरं चालवली, उत्तम फिटर-टर्नर घडवले. पण त्यांची रचनाच अशी होती की बहुतेक सगळं भिंतीच्या आत: स्वतःची टूलरूम, स्वतःची वसाहत, स्वतःची शाळा. आतला कारागीर बाहेर पडून शेजारच्या गावात वर्कशॉप टाकेल असं वातावरण नव्हतं आणि गरजही नव्हती. बंगळुरूत मोठे कारखाने होतेच, १९४० चं हिंदुस्तान एअरक्राफ्ट, १९५४ चं भारत इलेक्ट्रॉनिक्स. पण त्यांच्या आधी १९०९ पासून भारतीय विज्ञान संस्था होती, आणि नंतर पीन्यासारख्या औद्योगिक वसाहतीतून शेकडो लहान पुरवठादार. मोठा कारखाना दोन्हीकडे होता. फरक पडला तो कारखान्याच्या फाटकातून काम आणि माणसं किती सहज बाहेर पडत होती, यानं.

दुसरं मत एका सल्लागाराचं. केंद्राच्या, लहान उद्योगांच्या क्लस्टरसाठी असलेल्या एमएसई-सीडीपी योजनेत सामायिक सुविधा केंद्र काढायचं. २०२२ च्या नियमांप्रमाणे ५ ते १० कोटींच्या प्रकल्पाला केंद्र ७० टक्के अनुदान देतं. एसपीव्ही (सभासदांनी मिळून फक्त या कामासाठी काढलेली कंपनी) स्थापन करायची, एमआयडीसीत जागा घ्यायची, पाच अक्षांचं मशीनिंग सेंटर (गुंतागुंतीचे आकार कापणारं संगणकी यंत्र) बसवायचं. आराखड्याच्या मुखपृष्ठावर विमानाचं चित्र होतं.

तिसरं मत सांगणारी बाई बैठकीत मागच्या रांगेत बसली होती. मेकॅनिकल डिप्लोमा करून चाकणला एका वाहनभागांच्या कारखान्यात क्वालिटी विभागात तिनं काही वर्षं काढली होती, आणि सासर इथलं म्हणून परतली होती. तिचं म्हणणं असं: पाच अक्षांचं मशीन चाललं नाही तरी त्याचा हप्ता चालतो. त्याला प्रोग्रामर लागतो, महागडी टूल्स लागतात, आणि रोज भरेल इतकं काम लागतं. यातलं एकही आज नाही. आधी दोन-तीन जणांकडे असलेल्या साध्या सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथवर कुणाचं तरी जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्याच्या मापानं भाग बनवून द्यायचं काम, आणा, मग बघू.

ठरलं असं की सल्लागाराची फाइल जिल्हा उद्योग केंद्रात सरकू द्यायची आणि दरम्यान जॉबवर्कचा प्रयत्न करायचा. दोन्ही दगडांवर पाय, पण इथं तो शहाणपणाचा होता. फाइलला वेळ लागणारच होता आणि तोवर हातात काहीतरी खरं आलं असतं.

मे महिन्यातला माल

नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एका मधल्या पुरवठादारानं अ‍ॅल्युमिनिअमच्या स्पेसरची (दोन भागांत अंतर राखणाऱ्या तुकड्यांची) ऑर्डर दिली. लांबी १०० मिलिमीटर, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) दोन्हीकडे ०.०२ मिलिमीटर. नमुने जानेवारीत बनले, हिंगण्याला तपासले गेले, पास झाले. गावात पेढे वाटले गेले. मोठा लॉट निघाला एप्रिल-मे मध्ये, आणि त्यातला बराचसा परत आला: लांबी कमी.

मग जे व्हायचं ते झालं. मशीनवर संशय, ऑपरेटरवर संशय, मटेरियलवर संशय. एका मालकानं हिंगण्याच्या मोजणीवरच आक्षेप घेतला. सर्वांत जुन्या मिस्त्रींना तर तो अपमान वाटला. "ताई, चाळीस वर्षं झाले मले हे करून. माहा हात चुकत नाही."

"हात बराबर आहे काका. जॉब गरम होता," चाकणहून परतलेली तीच बाई म्हणाली (जॉब म्हणजे बनवायचा भाग), आणि पाटीवर हिशेब मांडला.

तो हिशेब या प्रकरणाचा कणा आहे, म्हणून सावकाश पाहू. जगभर लांबीची मापं २० अंश सेल्सिअसला धरतात. नागपूरकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ४० अंश म्हणजे काहीच नाही. अ‍ॅल्युमिनिअमचा एक मीटर दर अंशाला साधारण २३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतो, पोलाद त्याच्या निम्मं, साडेअकराच्या आसपास. म्हणजे १०० मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनिअम जॉब २० अंशांच्या फरकानं ४६ मायक्रॉन वाढलेला असतो. पण मायक्रोमीटर हे मोजायचं साधनही त्याच शेडमध्ये पडलेलं, तेही पोलादाचं, तेही २३ मायक्रॉन वाढलेलं. त्यामुळं शेडमध्ये माप बरोबर १०० दिसेपर्यंत कापलं, तर जॉब त्या गरमीत खरा १००.०२३ असतो. जॉब हिंगण्याच्या वातानुकूलित खोलीत जाऊन २० अंशांवर आला, की ९९.९७७ भरतो. मुभा २० मायक्रॉनची, चूक २३ ची. रिजेक्ट.

आणि ही गोष्ट चाळीस वर्षांत कुणाच्या लक्षात का आली नाही? कारण जिनचा शाफ्ट पोलादाचा, मोजायचं साधनही पोलादाचं. दोघं मिळून वाढतात, मिळून आक्रसतात, चूक एकमेकांत जिरते. मिस्त्रींचा हात खरोखरच चुकत नव्हता. जानेवारीचे नमुनेही त्यामुळंच पास झाले. थंडीतली शेड जवळजवळ मोजणीच्या खोलीइतकीच गार होती.

निर्णय

इथं प्रकरणाला वळण लागलं. लॉटचा तोटा वाटून घेतल्यावर आठ मालक उरले. बाकीच्यांनी हात जोडले, "आपलं जिन बरं." उरलेल्यांनी पाच अक्षांच्या मशीनचा विषय बाजूला ठेवला आणि मोजायची खोली बांधायची ठरवली.

कुठं, हा पुढचा प्रश्न. एमआयडीसीतल्या प्लॉटवर बांधली तर अनुदानाच्या फाइलला बळ मिळालं असतं, कारण जमीन एसपीव्हीच्या नावावर किंवा लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यानं दाखवावी लागते. पण तिथं शेतीच्या फीडरवर वीज, दुपारी व्होल्टेज पडायचं, आणि वातानुकूलन बंद पडलेली मोजायची खोली म्हणजे नुसती खोली. महाविद्यालयाच्या वर्कशॉपमागं जाड भिंतींची, उत्तरेकडं तोंड असलेली एक बंद लॅब होती, जनरेटरही होता. महाविद्यालय तीन वर्षांच्या करारावर द्यायला तयार होतं. त्यांनी लॅब घेतली आणि अनुदान लांबणीवर पडणार हे मान्य करून घेतली. माझ्या मते हा या प्रकरणातला सर्वांत धाडसी निर्णय होता आणि बरोबरही. अनुदानासाठी जागा निवडणारी क्लस्टरं पुष्कळ पाहायला मिळतात; इमारत उभी असते, आतल्या मशीनवर प्लास्टिक तसंच असतं.

पैसा सभासदांच्या वर्गणीतून आणि सीजीटीएमएसई या लघुउद्योगांच्या कर्जांना हमी देणाऱ्या सरकारी निधीच्या हमीवरच्या बँक कर्जातून उभा राहिला. वापरलेलं सीएमएम (भागाची मापं तिन्ही दिशांनी घेणारं यंत्र), ग्रॅनाइटचं सरफेस प्लेट, स्लिप गेज, हाइट गेज, दोन एसी, भिंतींना थर्माकोल. ताई पगारावर आल्या. नियम दोनच, दारावर लिहिलेले: मोजण्याआधी जॉब चार तास खोलीत राहील, आणि मापाचा कागद जसा निघेल तसाच गिऱ्हाइकाला जाईल.

दुसऱ्या नियमावरून भांडणं झाली. आपला खराब जॉब कागदावर का दाखवायचा? ताईंनी तो नियम सोडला नाही. त्याचा परिणाम महिन्याभरात दिसला, आणि तो अपेक्षित नव्हता: सभासद एकमेकांच्या मापावर विसंबू लागले. आधी एकाच्या लेथवरून दुसऱ्याच्या मिलिंगला जॉब गेला की दुसरा सगळं पुन्हा मोजायचा, जुळलं नाही तर वाद. आता सोबत कागद यायचा. त्यामुळं कामाची फोड करता येऊ लागली. एक जण फक्त टर्निंग, दुसरा मिलिंग, एका जिन मालकाच्या सुनेनं बर (कापल्यावर कडेला राहणारी धारदार कोर) काढणं आणि पॅकिंगचं युनिट टाकलं. स्टेशन रोडवर शाफ्टच्या बाबतीत जे पिढ्यान्‌पिढ्या चालत होतं, ते आता मायक्रॉनमध्ये चालू झालं.

ऑक्टोबरचा पेच

पहिल्याच वर्षी ऑक्टोबरात दोन धंदे समोरासमोर आले. जिनवाल्यांचे फोन सुरू झाले आणि त्याच आठवड्यात हिंगण्याची डिलिव्हरी. जिनवाला रोखीत देतो, तीन पिढ्यांचा संबंध, आणि त्याचं जिन बंद राहिलं तर दारात कापसाच्या गाड्या उभ्या. हिंगण्याचं बिल निघायला तीन-चार महिने. २००६ चा एमएसएमई कायदा ४५ दिवसांत पैसे द्यायला सांगतो, पण गिऱ्हाईक एकच असताना कायदा दाखवायचं धाडस कोण करणार?

पाच जणांनी जिनचं काम घेतलं. हिंगण्याची डिलिव्हरी उशिरा गेली आणि पुढची ऑर्डर निम्म्यावर आली.

पर्याय होते: सगळ्यांनी जिन सोडायचं, सगळ्यांनी जॉबवर्क सोडायचं, किंवा वाटणी. वाटणी झाली. तीन वर्कशॉपं बारमाही जॉबवर्कला, त्यांची जिनची गिऱ्हाइकं हंगामापुरती उरलेल्या पाचांना, आणि त्या बदल्यात पाचांनी तिघांना हंगामाच्या नफ्यातला ठरलेला हिस्सा. कागदावर हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात तीन पिढ्यांचं गिऱ्हाईक शेजाऱ्याच्या दुकानात पाठवणं काय असतं, ते वऱ्हाडात धंदा केलेल्यालाच कळेल. एका मालकाच्या वडिलांनी महिनाभर त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

जो बाहेर पडला

दुसऱ्या वर्षी तिघांतल्या एकानं हिंगण्याच्या पुरवठादाराला परस्पर कमी भाव दिला आणि गटाबाहेर पडला. बैठकीत सूर होता: त्याला खोलीचं दार बंद करा.

सिलिकॉन व्हॅलीची कथा सांगणारे इथं हमखास १९५७ चा दाखला देतात. ट्रान्झिस्टरच्या शोधकांपैकी एक असलेल्या विल्यम शॉक्लीच्या प्रयोगशाळेतून आठ जण बाहेर पडले, फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर निघाली, आणि तिच्यातून पुढं अनेक कंपन्या. नोकरी सोडून स्पर्धकाकडे जाण्यावरची बंदी कॅलिफोर्नियाचा कायदा मानत नाही, हेही त्यामागचं एक कारण. बाहेर पडणारा माणूस ज्ञान घेऊन जातो पण गावातच राहतो, म्हणून प्रदेश वाढतो. युक्तिवाद खरा आहे, पण तो वाढत्या बाजाराचा आहे. तिथं गिऱ्हाईक रांगेत होतं. इथं एकच होतं, आणि बाहेर पडणाऱ्यानं जे नेलं ते दुसऱ्याच्या ताटातलं होतं.

तरीही गटानं दार बंद केलं नाही. त्याला बाहेरच्याचा दर लावला. कारण अगदी व्यवहारी होतं: खोलीच्या कर्जाचा हप्ता. शिवाय खोली सभासदांसाठीच ठेवली तर दालमिल बनवणारे आणि शेजारच्या तालुक्यातले वर्कशॉपवाले कधीच येणार नव्हते. दर उघडा झाल्यावर ते आले. आज खोलीच्या कमाईतला मोठा वाटा त्यांचा आहे.

निकाल

विमानाचा एकही भाग या गावातून थेट गेलेला नाही. त्यासाठी एएस ९१०० हे विमान उद्योगाचं गुणवत्ता प्रमाणपत्र लागतं, मटेरियलच्या प्रत्येक तुकड्याचा माग लागतो, अ‍ॅनोडायझिंग आणि हीट ट्रीटमेंटसारख्या प्रक्रियांना वेगळी मान्यता लागते. यातलं काही नाही. जे जातं ते असं: फिक्श्चर (काम चालू असताना जॉब धरून ठेवणारी साधनं), गेज, पॅकिंग मशीनचे भाग, संरक्षण सामग्रीच्या पुरवठादारांच्या पुरवठादाराला लागणारे साधे टर्न केलेले भाग. दोन वर्कशॉपांना आयएसओ ९००१ हे सर्वसाधारण गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालं.

जुन्या धंद्याला झालेला फायदा कुणी आराखड्यात लिहिला नव्हता. जिनचा बुश आता कानशीनं न घासता बसतो, कारण तो मापात असतो आणि कागदासकट येतो. लांबच्या तालुक्यातले जिनवाले सुटे भाग आधीच मागवून ठेवू लागले, म्हणजे होळीनंतरच्या रिकाम्या महिन्यांतही लेथला काम आलं. पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर विमानातून नाही, जिनमधूनच निघालं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अर्धवट आहे. काही डिप्लोमावाली पोरं राहिली, दोघं चाकणहून परतली. बाकीची जातच आहेत. इथला पगार तिथल्यापेक्षा कमीच आहे. आणि प्रदेशाचा विकास म्हणायचं तर तो कुणाचा, हेही विचारायला हवं. वर्कशॉपवाले, घरमालक, महाविद्यालय यांना मिळालं. कोरडवाहू शेतकऱ्याच्या किंवा कापूस वेचणाऱ्या बाईच्या मिळकतीत यानं काही फरक पडल्याचं दिसत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली ऑर्डर अ‍ॅल्युमिनिअमची घ्यायलाच नको होती. पोलादाचे भाग घेतले असते तर तीच माणसं, तीच साधनं, तोच उन्हाळा असताना माल पास झाला असता, आणि मोजायची खोली उसंत घेऊन बांधता आली असती. अर्थात तो धक्का बसला नसता तर खोली बांधली गेली असती का, हा वाद गावात अजून चालू आहे. मला वाटतं, नसती बांधली.

डिलिव्हरीच्या करारात ऑक्टोबर-नोव्हेंबरची सूट सुरुवातीलाच मागता आली असती. हिंगण्याच्या माणसानं नंतर सांगितलं, की आधी कळलं असतं तर त्यानं ऑगस्टमध्येच जास्त माल उचलला असता. कुणी विचारलंच नव्हतं.

सर्वांत कच्चा दुवा मात्र माणसांचा राहिला. ताई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या तेव्हा खोली काही आठवडे जवळपास बंद होती. सीएमएम चालवायला महाविद्यालयातली दोन मुलं शिकत होती, पण कागदावर सही करायची हिंमत दोघांचीही झाली नाही. लॅब महाविद्यालयात असूनही शेवटच्या वर्षाच्या मुलांना तिथं बसवण्याची रीत पडली नव्हती. तैवाननं १९७३ मध्ये औद्योगिक तंत्रज्ञानाची संशोधन संस्था काढली आणि शिंचूचं विज्ञान उद्यान १९८० मध्ये. मधल्या काळात संस्था माणसं तयार करत होती. इथं संस्था शेजारच्याच खोलीत होती आणि तिच्याकडून फक्त भिंती आणि जनरेटर घेतला गेला.

महाविद्यालयाचा करार आता संपत आलाय आणि संस्थाचालकांनी भाडं वाढवून मागितलंय. जिल्हा उद्योग केंद्रातली फाइल त्याच सुमारास पुन्हा हलली आहे. एमआयडीसीला वेगळा फीडर देण्याचं आश्वासन आहे. हिंगण्याच्या पुरवठादारानंही एक प्रस्ताव ठेवलाय: तो स्वतःची दोन मशीनं गावात बसवेल, पण खोलीची निम्मी वेळ त्याच्यासाठी राखून ठेवायची. उरलेल्या सात सभासदांपैकी चौघांचं मत एमआयडीसीकडं आहे, दोघांना हिंगण्याचा प्रस्ताव हवाय. ताईंनी, ज्या आता भागीदार आहेत, वाढीव भाडं भरून आहे तिथंच राहायचं आणि करारात विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणाचं कलम घालायचं असं लिहून दिलंय. बैठक पोळ्याच्या आधी आहे, कारण त्यानंतर दिवाळीपर्यंत कुणालाच वेळ नसतो.